टाकळी रस्त्यावरच्या भंगारवाल्या मामांना अनावृत पत्र

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या नासर्डी नदीच्या काठी रविवारी सकाळी जमणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांची छायाचित्रे तुमच्याही मोबाइलवर अधूनमधून येत असतील. हातमोजे घातलेले आम्ही, मागे गोण्यांची रास आणि पुढे धरलेला फलक, असे त्यांचे ठरलेले रूप असते. या गोण्या पुढे कुठे जातात, हे त्या छायाचित्रांत कधीच दिसत नाही. तो प्रश्न आम्हाला पहिल्यांदा तुम्ही विचारलात. आणि विचारून थांबला नाहीत, तर दुकानामागचे आवार, तराजू आणि आठवड्यातली तुमची एकुलती एक निवांत सकाळ आमच्या स्वाधीन केलीत. समोर येऊन आभार मानू लागलो की तुम्ही चहा मागवून विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. शहरात आमच्यासारखी आणखी मंडळी नदीकाठी उतरत असतात. त्यांनीही ते वाचावे, अशी इच्छा आहे.

तोपर्यंतची आमची पद्धत सांगायला हवी. काठावर सापडेल ते सगळे एकाच गोणीत कोंबायचे, तोंड बांधायचे आणि महापालिकेची गाडी आली की तिच्यात चढवायचे. त्यात कुजलेला झेंडू, चिखलाने माखलेल्या पिशव्या, बाटल्या, चपला, उशांचा कापूस असे काहीही असे. नदीकाठचा कचरा पाथर्डीच्या खतप्रकल्पाकडे गेला, एवढे समाधान आम्हाला पुरत होते. ओला आणि सुका कचरा एकदा असा कालवला गेला की खतही धड होत नाही आणि भंगारालाही कोणी हात लावत नाही, हे तुम्ही एक गोणी आमच्यासमोर आवारात उलटी करून दाखवलेत. त्या ढिगातून हाती लागण्याजोगे फारच थोडे निघाले. ओल्या पुठ्ठ्याला भाव नाही, मातकट पिशवीला भाव नाही, आणि ज्याला भाव नाही ते शेवटी कचऱ्याच्या डोंगरावरच जाते, हा तुमच्या धंद्यातला साधा हिशेब आमच्यापैकी शिकल्यासवरल्या कोणालाही ठाऊक नव्हता.

मग तुम्ही शिकवायला बसलात. पिशवी मुठीत चुरगाळून कानाशी धरायची: दुधाची पिशवी मऊ राहते आणि फारसा आवाज करत नाही, बिस्किटाचे वेष्टन कडकड वाजते, त्यामुळे दोन्हींचे ढीग वेगळे. पाण्याच्या बाटलीचे झाकण आणि बाटली एकाच प्लास्टिकची नसतात, हे तुम्ही बादलीभर पाण्यात दोन्हींचे तुकडे टाकून दाखवलेत. बाटलीचा तुकडा तळाशी गेला, झाकण तरंगत राहिले. पाठ्यपुस्तकातली घनता आम्हाला त्या बादलीत पहिल्यांदा दिसली, असे आमच्यातल्या विज्ञानाच्या शिक्षिका आजही सांगतात. आणि तो दुधाच्या पिशवीचा कोपरा! पिशवी कापताना नखाएवढा कोपरा वेगळा होतो, तो केराबरोबर मोरीतून गटारात आणि गटारातून नासर्डीत जातो, आणि इतका बारीक असतो की वेचणाऱ्याच्या हाताला लागतच नाही. कात्री अर्ध्यावर थांबवावी, कोपरा पिशवीलाच लटकता ठेवावा, ही तुमची सूचना आमच्या घराघरांत पोचली आहे. काही सासवांनी ती सुनांना सांगितली आणि काही सुनांनी सासवांना.

देवांच्या तसबिरींचा विषय निघाला, तेव्हाचे तुमचे वागणे आम्ही विसरणार नाही. पुलाच्या कठड्याखाली आणि घाटाच्या पायऱ्यांवर फुटक्या काचेच्या तसबिरी, रंग उडालेल्या मूर्ती आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेले निर्माल्य सर्रास सापडते. निर्माल्य आम्ही मोकळे करत होतो, पण तसबिरींना हात लावायला कोणी धजत नव्हते. तुम्ही पाटावर बसलात, तसबिरीला हात जोडलेत, मागचे खिळे एकेक करून पकडीने उपटलेत आणि काच, लाकूड, पुठ्ठा व चित्र असे चार भाग वेगळे ठेवलेत. ‘देव पाण्यात कुजतोय ते बघवत नाही, त्यापेक्षा हे बरं,’ एवढेच तुम्ही म्हणालात. विसर्जनाच्या भावनेला धक्का न लावता नदी वाचवण्याची ही रीत आम्हाला कोणत्याही भित्तिपत्रकात सापडली नव्हती. गणेशोत्सवात प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरीच विरघळवण्याचा पर्याय आम्ही लोकांना सांगतो, तेव्हा त्यांच्या मनातला संकोच ओळखूनच बोलायला हवे, हे भान त्या पाटावरून आले.

तुमची खरी मदत मात्र त्या जुन्या, लाल बांधणीच्या वहीची. वेचलेले काय आणि किती, ते दर वेळी तिच्यात लिहून ठेवा, असे तुम्ही सांगितलेत तेव्हा आम्हाला ते दुकानदारी वळण वाटले होते. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ साली सुमारे २,८०० स्वयंसेवकांनी १२४ टन कचरा गोळा केला आणि तो नुसता उचलून न नेता त्यात काय काय आहे याची नोंद केली. त्यातूनच दर सप्टेंबरात जगभर होणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली. त्यामागचा विचार तुमच्याच वहीचा आहे, मामा. नोंद नसली की कचरा म्हणजे नुसता ढीग, आणि नोंद असली की तो कोणाच्या घरातून, कोणत्या दुकानातून आला ते समजते.

वहीने आमचे बरेच ग्रह उतरवले. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर थर्माकोलची सजावट, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ यांवर बंदी आहे. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांनाही मनाई आहे. ज्यावर बंदी आली तोच मुख्य कचरा असे धरून नदीकाठी पिशव्याच अधिक सापडतील अशी आमची समजूत होती. पिशव्या सापडतातच, पण नगांनी मोजू लागल्यावर पाने भरली ती चिप्सची पाकिटे, शांपूच्या पुड्या आणि गुटख्याच्या वेष्टनांनी. आतून चंदेरी असलेली ही पाकिटे एकावर एक चिकटवलेल्या थरांची असतात, ते थर सोडवणे परवडत नाही, म्हणून तुमच्या आवारात त्यांना गिऱ्हाईक नाही आणि गुटख्याची वेष्टने सोडली तर बंदीच्या यादीतही ती नाहीत. तराजूत जेमतेम काही ग्रॅम भरणारी ही पाकिटे काठावर मात्र सर्वांत जास्त दिसतात. स्वच्छता करणाऱ्यांनी फक्त किलो मोजावेत आणि छापून आणावेत, हे आम्हाला आता पटत नाही.

तुम्हाला ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही ते शक्यतो विकतच घ्यायचे नाही, हा नियम आम्ही वहीवरूनच घरी लावला. सगळे जमते असे नाही, पण बरेच जमले आहे. शांपूच्या पुड्यांऐवजी मोठी बाटली, बाजारात कापडी पिशवी, डेअरीवर दुधासाठी किटली आणि मिसळ बांधून आणायची असेल तर घरचा स्टीलचा डबा. डबा पुढे केला की पूर्वी हॉटेलवाले चमत्कारिक नजरेने पाहत. आता रस्सा सांडत नाही म्हणून तेच डबा मागतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या वाटण्याची आमच्या भागातली पद्धत बचत गटातल्या ताईंनी मोडून काढली आणि जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून लुटल्या. पुढच्या उन्हाळ्यात आदल्या वर्षीचे वाण नदीत भेटायचे, ते निदान आमच्या गल्लीपुरते थांबेल. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणे बंधनकारक केले होते. पण नियम वाचून जे झाले नाही ते तुमचे आवार पाहून झाले, हे प्रांजळपणे नोंदवतो.

तुम्ही आमच्या उत्साहाला वेळीच आवर घातलात, त्याबद्दल वेगळे आभार. गोदावरीतली पानवेली, म्हणजे जलपर्णी, उपसायचा घाट आम्ही घातला होता. सांडपाणी येत राहील तोवर ती पुन्हा वाढेल, आमच्या गोण्यांनी ते काम होणार नाही, असे तुम्ही सरळ सांगितलेत. ते खरेच आहे. तपोवन आणि आगरटाकळीच्या मलजलशुद्धीकरण केंद्रांचे काम स्वयंसेवकांच्या हातमोज्यांनी होत नसते, त्याचा जाब पालिकेलाच विचारावा लागतो, आणि इकडून वाहत गेलेली पानवेली व प्लास्टिक खाली नांदूर मध्यमेश्वरला, राज्यातल्या पहिल्या रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ स्थळात जाऊन साठते. ज्या नंदिनीच्या, म्हणजे आपल्या नासर्डीच्याच, पाण्यात उभे राहून समर्थ रामदासांनी टाकळीला तप केले असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, तिच्यात आज उतरायला गमबूट लागतात. सिंहस्थ तोंडावर आल्याने घाटांची रंगरंगोटी जोरात होईल, पण रामकुंडापासून दूर असलेल्या नासर्डीसारख्या गोदावरीच्या उपनद्यांकडे कोणी पाहील, याची आम्हाला फारशी खात्री वाटत नाही. म्हणून वहीतल्या नोंदींची प्रत अर्जासोबत जोडून पालिकेकडे द्यायची, असे ठरवले आहे.

एक गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, ती आम्हाला दुसऱ्याकडून कळली. एका मोठ्या गृहसंकुलात सुका कचरा घ्यायला तुम्ही आमच्याच सांगण्यावरून गेलात आणि फाटकावर तुम्हाला तासभर उभे ठेवून परत पाठवले. त्याबद्दल आम्हा सर्वांना मनापासून खेद आहे. त्या संकुलाच्या कार्यकारिणीशी आम्ही बोललो आहोत. यापुढे तुमचे नाव आणि येण्याची वेळ त्यांच्या नोंदवहीत असेल आणि तुमच्यासोबत आमच्यापैकी एक जण असेल.

आता शेवटचा, व्यवहाराचा मुद्दा. नदीकाठच्या भंगाराचे पैसे तुम्ही आम्हाला चालू भावाने, घट न धरता दिलेत आणि आम्ही ते बाजूला ठेवत गेलो. पावसात आवारातला पुठ्ठा भिजून तुमचे नुकसान होते, हे आम्ही पाहिले आहे. त्या पैशांतून, आणि कमी पडतील तेवढी वर्गणी काढून, मृगापूर्वी आवारावर पत्रे टाकायचे ठरले आहे. मापे घ्यायला वेल्डर येत्या शनिवारी येईल. कृपया त्याला चहा पाजून परत पाठवू नका.

आपले कृतज्ञ,
नासर्डीकाठचे स्वयंसेवक, नाशिक