पाहुण्या गोल्फपटूच्या हाती एक पान द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरून मैदाने सुकली की मुंबईतले गोल्फ खेळणारे आपला रोजचा कोर्स सोडून बाहेर पडतात. चेंबूरचे लोक येरवड्याला जातात, पुण्याचे पाहुणे म्हणून इकडे येतात. कुठल्याच क्लबचे सदस्यत्व नसलेले खारघरला सिडकोच्या कोर्सवर शुल्क भरून खेळतात. निवांत खेळू म्हणून ठरवलेली ही फेरी पुष्कळदा पाच-साडेपाच तास रेंगाळते. याला खेळाडूंचे कौशल्य कमी पडते असे नाही. अनोळखी कोर्सवर पहिला चेंडू मारण्याआधी जे विचारायला हवे ते कोणी विचारत नाही आणि क्लबही आपणहून सांगत नाहीत.

सर्वात मोठी चूक पहिल्याच टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, होते. चौघांतला एक लांब मारणारा मागच्या, म्हणजे होलापासून सर्वात दूरच्या, टीकडे चालू लागला की बाकीचे भिडेपोटी त्याच्यामागे जातात. एक सोपा अंदाज असा: तुमच्या पाच नंबर आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) चेंडू जितके यार्ड जातो त्याला 36 ने गुणा, तेवढ्या लांबीचा कोर्स तुम्हाला पेलतो. 140 यार्ड जात असेल तर 5040. अशा खेळाडूने 6500 यार्डांवरून सुरुवात केली तर 420 यार्डांच्या पार चारवर, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हायला हवा अशा होलवर, चांगला ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) मारूनही जवळपास 220 यार्ड उरतात, म्हणजे होलाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ दोन फटक्यांत येतच नाही. अठरा होल हेच चालले तर निवांतपणा उरणार कुठून? पुढच्या लाल टीला ‘लेडीज टी’ म्हणण्याची सवयही क्लबांनी मोडावी. त्या एका शब्दापायी कितीतरी ज्येष्ठ पुरुष आपल्या ताकदीबाहेरच्या टीवरून खेळत राहतात.

टी ठरली की अंतराच्या खुणा. दीडशे यार्डांची खूण हिरवळीच्या मध्यापर्यंतची की पुढच्या कडेपर्यंतची, हे प्रत्येक ठिकाणी विचारावेच लागते. हिरवळ 30 यार्ड खोल असेल तर पुढचा झेंडा आणि मागचा झेंडा यांत दोन-तीन क्लबांचा (खेळायच्या काठ्यांचा) फरक पडतो. पुण्याच्या उंचीने चेंडू लांब जातो, ही चर्चा मात्र सोडून द्यावी. साडेपाचशे मीटर उंचीवर 150 यार्डांच्या फटक्यात जेमतेम तीन यार्डांचा फरक पडतो. कुलाब्याकडचा समुद्रावरून येणारा वारा त्याहून कितीतरी जास्त हिशेब बिघडवतो.

हिरवळ सर्वात फसवी. सरावाच्या हिरवळीवर दहा मिनिटे द्या, पण होलाकडे नेम धरून नव्हे. 10, 20 आणि 30 फुटांवरून तीन-तीन चेंडू मारून फक्त वेग जोखा. खारघरसारख्या डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर डोळा चकतो. सपाट वाटणाऱ्या जागी चेंडू डोंगराकडून दरीकडे वळतो, कारण आजूबाजूची सगळीच जमीन कललेली असल्याने तिचा उतार नजरेला जाणवत नाही. बर्म्युडा गवत असेल तर त्याची लव, म्हणजे पाती कुठे झुकली आहेत ते, पाहा. चमकदार दिसले तर गवत तुमच्यापासून दूर झुकले आहे, चेंडू वेगाने जाईल. गडद दिसले तर जरा जोर हवा.

इथे कॅडीसारखा, म्हणजे तुमची बॅग वाहणाऱ्या मदतनिसासारखा, मार्गदर्शक नाही, पण त्याला तुमचे खरे अंतर माहीत हवे. ‘सात नंबर दीडशे जातो’ अशी बढाई मारली तर तो त्याच हिशेबाने क्लब देतो आणि चेंडू पुढच्या बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पडतो. टीवर त्याला दोनच गोष्टी विचारा: इथून न दिसणारे पाणी किंवा नाला किती यार्डांवर आहे, आणि हिरवळीच्या मागे काय आहे.

चेंडू हद्दीबाहेर किंवा झुडपात गेल्याची शंका असेल तर ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असे स्पष्ट म्हणूनच दुसरा मारा. न म्हणता मारला तर दंडासह तोच चेंडू खेळात धरला जातो. 2019 पासून शोधायला पाच नव्हे, तीनच मिनिटे मिळतात. हद्दीजवळ दोन फटक्यांचा दंड घेऊन चेंडू फेअरवेकडे (टी आणि हिरवळ यांमधल्या कापलेल्या पट्ट्याकडे) टाकायचा स्थानिक नियम क्लबने लागू केला आहे का, हेही आधी विचारावे. मागे परत जाण्याची पायपीट त्याने वाचते.

गुण स्टेबलफर्डने, म्हणजे प्रत्येक होलला फटक्यांनुसार गुण देणाऱ्या पद्धतीने, मोजावेत. पार चारवर तुम्हाला एक फटका सूट असेल तर सातव्या फटक्याला शून्य गुण मिळतो. सहा फटक्यांत चेंडू होलात गेला नाही की उचलून पुढे चला. जो तयार असेल त्याने आधी मारावे, आणि बगी (कोर्सवरची छोटी गाडी) हिरवळीच्या त्या बाजूला उभी करावी जिथून पुढच्या टीला जायचे आहे. पाणी भरपूर जवळ ठेवा. वीज कडाडली तर होल अर्धवट सोडून लगेच आडोशाला जा.

मुंबई आणि परिसरातल्या क्लबांना विनंती आहे की पाहुण्याला स्कोअरकार्डासोबत मराठीत एक छापील पान द्यावे. प्रत्येक टीवरून कोर्सची एकूण लांबी, अंतराच्या खुणा कुठपर्यंतच्या, कोणत्या होलवर आंधळा फटका (लक्ष्य न दिसता मारायचा) आहे आणि तिथे नेम कशावर धरायचा, लागू असलेले स्थानिक नियम, आणि वीज चमकल्यावर जवळचा आडोसा कुठे, एवढेच त्यावर असावे. कॅडींना हे सगळे तोंडपाठ असते. त्यांच्यासोबत बसले तर एका दुपारी हे पान तयार होईल.

आपला,
एक गोल्फप्रेमी वाचक, चेंबूर, मुंबई