आधी लाइन बघू: वरच्या मजल्यावरच्या काकांना उघड पत्र

ती. काका यांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र जिन्यात गाठून तुमच्या हातात देता आलं असतं. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अरे भिया, उसमें क्या" म्हणता (मी बाईमाणूस असले तरी तुमचं भिया सुटत नाही) आणि विषय पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याकडे नेता. म्हणून लिहून टाकते, आणि उघडच लिहिते. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत घरबसल्या लग्नपत्रिका, बायोडाटा, स्मरणिका लावून देणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे. तुमचं नाव घालत नाही. उद्यापासून तुमच्या दारात रांग लागली तर काकू मला सोडायच्या नाहीत.

२०२५ चा मे महिना आठवत असेल. ३१ मेला अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं होत होती, आणि इंदुरात अशा वेळी घराघरातून लेखक निघतात. माझ्याकडे आलेली पुस्तिका लहानच होती, पण लिहिणाऱ्या सगळ्या साठीच्या पुढच्या. कुणी वहीच्या पानाचा फोटो पाठवलेला, तोही तिरका आणि वर स्वतःचीच सावली पडलेला. कुणी "मला आता लिहवत नाही, तूच ऐकून उतरव" म्हणून एकामागून एक व्हॉइस मेसेज धाडलेले. एक बाई तर महेश्वरच्या घाटावर उभ्या राहून बोलल्या होत्या. अहिल्याबाईंनी तिथून कारभार कसा चालवला ते त्या सांगतायत आणि मागे नाववाले गिऱ्हाइकांना हाका मारतायत. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचे. एक ओळ ऐकायची, थांबवायची, टाइप करायची, तोवर पडदा काळा झालेला. फोटो स्वतःलाच ईमेल करायचे आणि संगणकावर उतरवून घ्यायचे. पानं लागली की पेन ड्राइव्ह घेऊन प्रेसमध्ये, आणि प्रूफ पुन्हा फोनवर.

तुम्ही पाण्याची मोटर बंद करायला खाली आला होता. दारातून थोडा वेळ बघितलंत आणि विचारलंत, "हा मजकूर येतो कुठून आणि जातो कुठे?" दूरसंचार खात्यातली नोकरी संपली तरी सवय काही गेलेली नाही. "आधी लाइन बघू," म्हणून तुम्ही एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर बाण काढायला घेतलेत. फोन, ईमेल, संगणक, पेन ड्राइव्ह, प्रेस, परत फोन. मग पेन्सिलीने ईमेल खोडलंत. पेन ड्राइव्ह खोडलात. मी आपली वाट बघत होते की आता एखाद्या नव्या ॲपचं नाव येईल. ते कितीतरी वेळ आलंच नाही. फोनला ऐकता येतं, बघता येतं आणि तो कुठेही नेता येतो. संगणकाला मोठं पान आहे आणि त्याच्यावर दहा बोटं चालतात. ज्याला जे येतं ते त्याच्याकडे सोपवा, एवढंच म्हणालात. बाकी सगळं त्यातून निघालं.

ऐकून उतरवण्याचं काम फोनकडे गेलं. गूगल डॉक्सची एकच फाइल दोन्हीकडे उघडायची, दोन्हीकडे खातं तेच. फोनच्या जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, भाषा मराठी करून माइक दाबायचा आणि ऐकलेलं वाक्य आपण सावकाश, स्पष्ट बोलायचं. अक्षरं फोनवर उमटतात आणि लगोलग संगणकावर दिसतात. वहीचं पानही तसंच वाचून घालायचं. छापील कात्रण असेल तर वाचायचेही कष्ट नकोत. गूगल लेन्सने त्यातला मजकूर निवडायचा, आणि संगणकावर क्रोममध्ये तेच खातं उघडं असेल तर तो थेट तिकडे कॉपी होतो. छापील देवनागरी लेन्सला बरीच जमते. आजींच्या हस्ताक्षरापुढे मात्र तिने हात टेकले. आणि माइकचं म्हणाल तर अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी त्याला शेवटपर्यंत ऐकू आलं नाही. जवळजवळ प्रत्येक लेखात चौंडी होतं आणि दर वेळी वेगळंच काहीतरी उमटत होतं. ते, स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद, हे सगळं मग संगणकावर बसून हाताने. त्या कामाला मोठा पडदाच हवा.

पण खरं दुखणं पुढे होतं, आणि माझ्यावर तुमचे सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते तिथे. माझं काम कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. या राज्यात टायपिंग शिकलेल्या कुणालाही विचारा, बोटं त्याच मांडणीला बसलेली असतात. पान संगणकावर छान दिसतं, पण तोच मजकूर कॉपी करून फोनवर पाठवला की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. उलट बाजूने, फोनवर बोललेलं डॉक्समधून उचलून माझ्या पानात आणावं तर त्याला कृतिदेव लागूच होत नाही. आमच्या लाइनीत यावर "फोनला मराठी येत नाही" एवढंच बोलतात आणि पुन्हा टाइप करायला बसतात.

तुम्ही ते उलगडून दाखवलंत. कृतिदेवच्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो. तो फॉन्ट नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळी यंत्रं मानतात त्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, क ला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तिच्यापासून देवनागरीला तो मिळालेला आहे, म्हणून फोनवर, संगणकावर, प्रेसमध्ये, कुठेही क चा कच राहतो. मी म्हटलं, मग जुनं सगळं रूपांतर करून टाकू. तेव्हा तुम्ही नेमकं गडबडीच्या जागेवर बोट ठेवलंत. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप होते आणि अक्षर मागून, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलट, कृतिदेवमध्ये तो अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये र आधी. म्हणजे रूपांतर करणाऱ्या साधनाला शब्दाशब्दात अशी अदलाबदल करावी लागते, आणि 'निर्मिती'सारखा वेलांटी आणि रफार दोन्ही असलेला शब्द आला की ते अडखळतं. त्यातून हिंदीसाठी बनवलेल्या साधनांना आपला 'ऱ्य' ओळखीचा नसला की 'दुसऱ्या'ची पार वाट लागते. तेव्हापासून रूपांतर केलेल्या मजकुरात मी आधी हेच शब्द शोधते. प्रूफ तपासायचा निम्मा वेळ तिथे वाचतो.

पुढची धास्ती होती ती नव्याने टायपिंग शिकण्याची. माझ्या वयाला इनस्क्रिप्टची वेगळी कीबोर्ड मांडणी नको, मी स्पष्टच सांगितलं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. रेमिंग्टन गेल मांडणी दाखवलीत, सीपीसीटी या सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी करणारी गल्लीतली मुलं वापरतात ती. बोटांची जुनी सवय जवळपास तशीच चालते आणि फाइलमध्ये साठतं ते युनिकोड. पानं लावायचं माझं जुनं पेजमेकर युनिकोड ओळखत नाही, म्हणून पुस्तिका लिब्रे ऑफिसमध्ये लावली. पानं तितकी देखणी नाही झाली, हे मी अजूनही म्हणेन. पण एखाद्या आजींनी फोनवरून दोन ओळी बदलून पाठवल्या की त्या तशाच्या तशा उचलून पानात बसवता येत होत्या, आणि ते सुख मोठं होतं.

फोटोंच्या बाबतीत मात्र थोडं मीही तुम्हाला शिकवलं, हे कबूल करा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे ५ इंच रुंद फोटोला १५०० पिक्सेल, हे गणित तुम्हाला इतकं आवडलं की तुम्ही लगेच काकूंच्या फोनमधले फोटो मोजायला बसलात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होऊन येतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, ही सूचना तुमची. ती मी आता गिऱ्हाइकांना पहिल्याच मेसेजमध्ये लिहून पाठवते. प्रूफ जातं ते पीडीएफ होऊन, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसलेला असतो आणि समोरच्याकडे कुठलाही फोन असला तरी पान बदलत नाही. आजी त्यावर फोनवरच बोटाने गोल काढून परत पाठवतात.

विंडोजमधलं फोन लिंकही तुम्ही जोडायला लावलंत. फोनवर लिंक टू विंडोज, संगणकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, झालं. ताजे फोटो संगणकावर दिसतात, आणि संगणकात ब्लूटूथ असल्याने फोन आला की माउस न सोडता बोलता येतं. फोनची ॲपच संगणकावर उघडायची सोय काही ठरावीक कंपन्यांच्या फोनलाच आहे. माझ्या फोनला ती नाही आणि माझं काही अडलंही नाही.

त्या केबलचा किस्सा सांगितल्याशिवाय पत्र पुरं व्हायचं नाही. पावसात ब्रॉडबँड गेलं, फाइल प्रेसला जायची होती, आणि केबल लावली तर फोन चार्ज होतोय पण संगणकाला तो दिसतच नाही. फोन बिघडला, पोर्ट गेला, असं सगळं आम्ही म्हणून घेतलं. तुम्ही केबल हातात घेतलीत, वजन केल्यासारखी हलवलीत आणि म्हणालात, "इसमें तार ही कम है." साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. नुसत्या चार्जिंगसाठी केलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. वरून तुमची केबल आली. फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडलं आणि फोटो उतरले. मग त्याच केबलवर यूएसबी टेदरिंग लावून फोनचं इंटरनेट संगणकाला दिलंत आणि फाइल गेली. सिल्व्हर मॉलला जाऊन मी दुसऱ्याच दिवशी चांगली केबल आणली, आणि तिला लाल दोरा बांधला आहे. घरात बाकी कुणी तिला हात लावत नाही.

एका बाबतीत तुम्ही कडक होता आणि ते बरंच झालं. लोकांच्या मुलींचे बायोडाटा, पत्ते, जन्मवेळा, फोटो, सगळं माझ्या फोनमध्ये असतं. व्हॉट्सॲप वेब २०१५ मध्ये आलं तेव्हा फोन चालू असेल तरच ते चालायचं. आता फोन बंद असला तरी जोडलेल्या संगणकावर मेसेज येत राहतात, आणि तुमचं म्हणणं, सोय जितकी मोठी तितकी नजर हवी. प्रेसच्या संगणकावर उघडलं तर तिथेच लॉग आउट करायचं. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन यादी बघायची, फोनशिवाय चारच जोडता येतात तेव्हा ती लांबलचक नसतेच, आणि अनोळखी नाव दिसलं की काढून टाकायचं. कुणी पाठवलेला क्यूआर कोड 'जरा स्कॅन करा' म्हटलं तर करायचा नाही. यादी मी आता सोमवारी कामाला बसताना बघते.

आणि आता जे तोंडावर बोलताच येणार नाही ते. या सगळ्या काळात तुम्ही माझ्या माउसला हात लावला नाहीत. घरातली मुलं मदत करतात तेव्हा फोन हातातून घेतात, खटाखट काहीतरी दाबतात आणि "झालं बघ" म्हणून परत देतात. काय झालं ते त्यांना माहीत. तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचात. मी चुकीच्या ठिकाणी जायला लागले तरी जाऊ द्यायचात, आणि "आता परत कशा याल?" एवढंच विचारायचात. मला तेव्हा राग यायचा, हेही लिहून ठेवते. पण यंदा तुम्ही मुलाकडे पुण्याला गेला होतात तेव्हा भजनी मंडळाची पुस्तिका मी एकटीने पुरी केली, आणि एकदाही तुम्हाला फोन करावा लागला नाही. एकदा केला होता तो काकूंना, लोणच्याचं प्रमाण विचारायला.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चकली घेतलीत, पण ती काकूंनी लपवून ठेवली असं कळलं. पुस्तिकेच्या दोन प्रती सोबत देते आहे. श्रेयनामावलीत 'तांत्रिक साहाय्य' म्हणून ओळ घालू द्या म्हटलं, तर तुम्ही तीही खोडायला लावलीत.

एक भांडण शिल्लक आहे. जुने कृतिदेवमधले पत्रिकांचे साचे टाकून सगळं युनिकोडमध्ये नव्याने करा, असा तुमचा हट्ट आहे. त्या साच्यांतली वेलबुट्टी आणि अक्षरांची ती जुनी ठेवण लोक नाव घेऊन मागतात. फोनवर काला झाला तरी छापून आल्यावर कुणी तक्रार करत नाही. लग्नसराई संपली की त्यातले दोन-चार करून बघू. बाकीच्यांना मी हात लावू देणार नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
तळमजल्यावरची टायपिस्ट
रामबाग, इंदूर