हवेचा हिशोब शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

कोल्हापूरच्या औद्योगिक भागांत, मग ते शिवाजी उद्यमनगर असो, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, कॉम्प्रेसर (हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र) घ्यायला निघालेल्या छोट्या वर्कशॉपवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपीचा घेऊ? त्याचं उत्तर तुम्ही कधीच लगेच देत नाही. कोरा कागद पुढे सरकवता आणि म्हणता, हवेवर चालणारं काय काय आहे ते आधी लिही. कॉम्प्रेसर विकणं हा तुमचा धंदा नाही, कमिशन तुम्ही घेत नाही, आणि तरी समोरच्याचा हिशोब पुरा होईपर्यंत हातचं काम बाजूला ठेवता. त्याबद्दल हे जाहीर आभाराचं पत्र. जाहीर अशासाठी, की तुमचा हिशोब कोल्हापूरबाहेरच्या वर्कशॉपवाल्यांच्याही हाती पडावा.

एचपी, म्हणजे हॉर्सपॉवर, हा मोटर किती वीज ओढणार याचा अंदाज. हत्याराला हवी असते हवा, ती मिनिटाला अमुक घनफूट, म्हणजे सीएफएम, आणि अमुक दाबावर (दाब मोजायचा बारमध्ये; भोवतालच्या हवेचा दाब साधारण १ बार). १ सीएफएम म्हणजे २८.३ लिटर. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. फसगत पुढे होते, कारण पाटीवर छापलेला सीएफएम बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टनच्या चालीतल्या आकारमानाचा असतो, टाकीत खरोखर पोचणाऱ्या हवेचा नसतो. तुम्ही कागदावर मांडता ते उदाहरण इथे देतो. सिंगल स्टेज (हवा एकाच टप्प्यात दाबणारा), दोन सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ५५ मिमी, मिनिटाला ९०० फेरे. एका सिलिंडरचं आकारमान २१२ घनसेंमी, दोन्हींचं ४२३, गुणिले ९००, म्हणजे मिनिटाला ३८१ लिटर, साडेतेरा सीएफएम. पण पिस्टन वर गेल्यावर हेडखाली, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखाली, थोडी दाबलेली हवा उरतेच. पिस्टन खाली येताना आधी ती फुगते, मगच बाहेरची हवा आत शिरते. त्यात गरम हेडमुळे येणारी हवा पातळ होते, आणि वाल्व्ह व रिंगांतूनही थोडी निसटते. म्हणून ७ बारला अशा यंत्रातून ६५ ते ७५ टक्केच हवा मिळते, म्हणजे साधारण साडेनऊ सीएफएम. टू स्टेजमध्ये, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणाऱ्या यंत्रात, तर मोजणी फक्त मोठ्या, एलपी (कमी दाबाच्या) सिलिंडरची करायची. लहान सिलिंडर तीच हवा पुन्हा दाबतो, नवी घेत नाही. दोन्ही मिळवून आकडा फुगवून सांगणारे विक्रेते आहेत, म्हणून कोटेशनवर ‘एफएडी, ७ बारला’ (एफएडी म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा, बाहेरच्या दाबाला मोजलेली) असं लिहून घ्या, हा तुमचा आग्रह अगदी योग्य आहे.

आता तो कागद. समजा एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), हवेच्या झोताने साफसफाई करायच्या दोन ब्लो गन, घासकामाचा एक डाय ग्राइंडर आणि नटबोल्ट आवळायचा एक अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच आहे. २ मिमी तोंडाची ब्लो गन ६ बारला सुमारे ८ सीएफएम खाते. दोन गन, प्रत्येकी तासातल्या १५ टक्के वेळ, म्हणजे सरासरी २.४. डाय ग्राइंडर चालू असताना १८, पाव वेळ चालला तर ४.५. रेंच ट्रिगर दाबलेला असताना २० ओढतो, पण जेमतेम ५ टक्के वेळ, म्हणून १. व्हीएमसीचा आकडा मशीनच्या पुस्तिकेतच असतो. इथे सलग ४ धरू. बेरीज १२ च्या आत बसते. गळतीसाठी १० टक्के वाढवले की १३. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: हवेने थंड होणारा पिस्टन कॉम्प्रेसर सलग चालवायचा नसतो, ७० टक्क्यांहून जास्त वेळ तो लोडवर, म्हणजे हवा भरत, राहता कामा नये. १३ भागिले ०.७, म्हणजे १९ सीएफएम. सिंगल स्टेज पिस्टन एचपीमागे साधारण ३ सीएफएम देतो, चांगला टू स्टेज त्याहून थोडा जास्त, स्क्रू (पिस्टनऐवजी फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारा) ४ च्या आसपास. त्यामुळे या वर्कशॉपला ५ एचपीचा पिस्टन ओढाताणीचा होणार आणि साडेसात एचपीचा टू स्टेज नीट बसणार.

रंगाची गन असेल तर तिची पुस्तिका वेगळी वाचायची. एचव्हीएलपी गनला दाब कमी लागतो, हवा भरपूर लागते. आणि सँडब्लास्टिंग ‘कधीमधी करू’ म्हणणाऱ्याला तुम्ही थांबवता ते बरं करता. ४.८ मिमीचा नोझल ७ बारला सुमारे ४५ सीएफएम घेतो, तेही सलग. त्या कामासाठी वेगळाच कॉम्प्रेसर लागतो, नाहीतर ते काम बाहेरून करून घ्यावं.

टाकीबद्दल तुमचं म्हणणं प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर लिहायला हवं: टाकी हवा साठवते, बनवत नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही गन, ग्राइंडर आणि व्हीएमसी एकदम चालू झाले तर मागणी ३८ सीएफएम होते. कॉम्प्रेसर २२ देत असेल तर तूट १६ ची, म्हणजे मिनिटाला ४५० लिटर. २२० लिटरची टाकी ८ बारवरून ६ वर येईपर्यंत साधारण ४४० लिटर मोकळी हवा सोडते. म्हणजे जेमतेम एक मिनिट. ५०० लिटरची टाकी सव्वादोन मिनिटं तग धरते. गर्दी मिनिटभराची असेल तर मोठी टाकी उपयोगी. गर्दी दिवसभराची असेल तर टाकी कितीही मोठी घ्या, दाब पडणारच.

विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या दारातच करायची चाचणी तर सोन्यासारखी आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची, ड्रेन कॉक (तळाचं पाणी काढायची तोटी) आणि बाहेरचा वाल्व्ह बंद करायचा, मोटर सुरू करायची आणि काटा ७ बारला पोचायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायचं. दाब भागिले बाहेरच्या हवेचा दाब, गुणिले टाकीचे लिटर, भागिले मिनिटं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, म्हणून बाहेरचा दाब १.०१ ऐवजी ०.९५ बार धरायचा. ही बारीक गोष्ट दुकानदारांनाही माहीत नसते. २२० लिटरच्या टाकीला ५ मिनिटं ४५ सेकंद लागली तर मिनिटाला २८२ लिटर येतात. टाकीतली हवा गरम असते, म्हणून बाहेर ३० अंश आणि टाकीत ४५ अंश असेल तर ३०३ ला ३१८ ने भागून जे येईल त्याने गुणायचं. उरतात २६९ लिटर, म्हणजे साडेनऊ सीएफएम. टाकीचे लिटर तिच्या पाटीवरून घ्यायचे, दुकानदाराच्या तोंडून नाही.

पिस्टन की स्क्रू, या वादात तुम्ही कुणाची बाजू घेत नाही, कागदाकडे बोट दाखवता. मागणी दिवसभर सलग असेल तर स्क्रू. थांबून थांबून असेल तर पिस्टन. गरजेपेक्षा मोठा स्क्रू घेणाऱ्याला वाटतं आपण पुढचा विचार केला. पण स्क्रू पुरेसा वेळ लोडवर चालला नाही तर तेल तापत नाही, हवेतलं पाणी तेलात साचतं, तेल दुधाळ होतं आणि बेअरिंगं जातात. शिवाय अनलोडवर, म्हणजे हवा न भरता, फिरतानाही तो पूर्ण भाराच्या पाव ते चाळीस टक्के वीज खातच असतो. साडेसात एचपी पूर्ण भारावर तासाला सुमारे ६.४ युनिट घेते. वर्षाला २,००० तास धरले तर १२,८०० युनिट. हा गुणाकार महावितरणच्या बिलातल्या दराने करून पाहिला की खरेदीतली घासाघीस किती किरकोळ होती ते कळतं.

दाबाचंही तसंच आहे. बहुतेक हत्यारं ६.२ बारला, म्हणजे ९० पीएसआयला चालायला बनलेली असतात. ‘असू दे, १० बार ठेव’ म्हणत प्रेशर स्विच (ठरलेल्या दाबाला मोटर बंद-चालू करणारा) वर चढवला तर दर बारमागे वीज ६ ते ७ टक्के वाढते आणि गळतीही वाढते. टोकाला दाब कमी पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा लाइनचा असतो: ६ मिमीचा होज (नळी), छोट्या छिद्राचं कपलिंग (जोड), चोंदलेला फिल्टर. रेंचला १० मिमी आतील व्यासाचा होज लावला की स्विचला हात लावायची गरज राहत नाही.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण आमच्याकडचा पावसाळा. जुलैत हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये २० ग्रॅमच्या आसपास वाफ असते. हवा आठपट दाबून थंड केली की त्यातला बहुतेक भाग पाणी होऊन खाली बसतो. २० सीएफएमचा कॉम्प्रेसर दिवसात ५ तास लोडवर चालला तर अडीच लिटरच्या आसपास पाणी निघतं. ते रोज काढलं नाही तर टाकी आतून खालच्या बाजूने गंजते, आणि हत्यारांच्या व्हेन्स (आतल्या फिरत्या पट्ट्या) व सिलिंडरही. तुम्ही सांगितलेली लाइनची रीत अशी: मुख्य पाइपला १०० ला १ उतार कॉम्प्रेसरपासून लांब जाणारा, प्रत्येक फाटा पाइपच्या वरच्या अंगातून काढून खाली वळवलेला, आणि प्रत्येक उतरत्या पाइपच्या तळाशी ड्रेन कॉक. वरून फाटा घेतला की पाणी मुख्य पाइपमध्येच राहतं, गनपर्यंत येत नाही. ड्रायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) टाकीनंतर लावायचा, आधी नाही. पिस्टनमधून निघणारी हवा फार तापलेली असते आणि ड्रायरची क्षमता सहसा ३५ अंशांच्या हवेसाठी लिहिलेली असते. रंगकामाच्या लाइनला ल्युब्रिकेटर (हवेत तेल सोडणारा) नको, तेलाचा कण गेला तरी रंगात खळगे पडतात. आणि पीव्हीसी पाइप कधीच नको. तो पाण्यासाठी आहे. दाबलेल्या हवेत फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

बसवतानाच्या गोष्टी थोडक्यात. फ्लायव्हील (पंपाचं पंख्यासारखं वारा घालणारं चाक) भिंतीपासून दीड फूट तरी दूर. थ्री फेजला फेज उलटे लागले तर फ्लायव्हीलचा वारा हेडवर येण्याऐवजी उलटा जातो आणि हेड भाजतं, म्हणून बाण पाहूनच सुरू करायचं. ग्राइंडिंगच्या धुळीपासून आणि पत्र्याच्या तापलेल्या छपरापासून सक्शन, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, दूर हवं. आत येणारी हवा ४ अंशांनी गरम झाली तर वीज सुमारे १ टक्का जास्त जाते. तेल कॉम्प्रेसरचंच घालायचं. इंजिन ऑइलने वाल्व्ह प्लेटवर कार्बन जमतो, वाल्व्ह नीट बसत नाही, हेड तापतं, आणखी कार्बन जमतो.

बिघाड ओळखण्याच्या तुमच्या खुणांनी किती जणांचे पैसे वाचले असतील. मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचपाशी क्षणभर फुस्स होणं बरोबर. ते चालूच राहिलं तर एनआरव्ही (टाकीतली हवा परत येऊ न देणारा वाल्व्ह) नीट बसत नाही. स्विच बदलू नका. फुस्स झालंच नाही तर हेड दाबाखालीच राहतं, पुढच्या वेळी मोटर गुरगुरते आणि ओव्हरलोड रिले पडतो. सक्शन फिल्टरमधून हवा परत फेकली जाते म्हणजे सक्शन वाल्व्ह तुटला. टू स्टेजमध्ये इंटरकूलरचा (दोन टप्प्यांच्या मध्ये हवा थंड करणाऱ्या भागाचा) सेफ्टी वाल्व्ह उडायला लागला तर दोष त्या सेफ्टी वाल्व्हचा नसतो, लहान सिलिंडरच्या वाल्व्हचा असतो. ब्रीदरमधून (पंपाच्या तेलाच्या खोलीच्या श्वासछिद्रातून) धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या.

जुना कॉम्प्रेसर घेणाऱ्यांना तुम्ही बजावता तेही इथे नोंदवतो. पंप दुरुस्त होतो, टाकीशी खेळायचं नाही. टाकीच्या तळाची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्यायची, दाबाची चाचणी पाण्याने करायची, हवेने कधीच नाही. टाकीवर कुठेही मागाहून केलेलं वेल्डिंग दिसलं तर सौदा सोडायचा.

गळतीची मोजणी सुट्टीच्या दिवशी करायला तुम्ही सांगता. सगळी हत्यारं बंद, लाइन चालू. कॉम्प्रेसर दीड मिनिट भरतो आणि सहा मिनिटं थांबतो, तर दीड भागिले साडेसात, म्हणजे २० टक्के हवा गळतेय. साडेनऊ सीएफएमच्या यंत्रात ती १.९ होते. एवढी हवा साधारण १ मिमीच्या छिद्रातून जाते. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन कपलिंगांपासून सुरुवात केली की ती सापडते.

काका, एक विनंती आहे. वाल्व्ह प्लेट काचेवर बारीक पेस्ट घालून इंग्रजी आठच्या आकड्यात लॅप करायची, म्हणजे घासून सपाट करायची, तुमची पद्धत आयटीआयमधून नव्याने कामाला आलेल्या पोरांना एकदा हाताने करून दाखवा. किती दाब द्यायचा आणि कधी थांबायचं हे लिहून कळत नाही. दिवस तुम्ही सांगा. हेड उघडलेला कॉम्प्रेसर, काच आणि पेस्ट आम्ही तयार ठेवतो.

मनापासून आभार.

तुमचे,
उद्यमनगरातले वर्कशॉपवाले