बेणं घेऊ नका म्हणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

कृषी विद्यापीठाच्या औषधी वनस्पती प्रकल्पात इतके शेतकरी येऊन जातात, त्यात मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. तरी आभार चारचौघांत मानतोय. या पिकांत उतरू पाहणाऱ्या कित्येकांना असा काही प्रकल्प असतो हेच ठाऊक नसतं, जाहिराती मात्र घरपोच येतात.

मी आलो होतो तेव्हा सफेद मुसळीचं बेणं जवळजवळ ठरलंच होतं. कंपनीची बायबॅकची हमी, म्हणजे पिकलेला माल तीच परत विकत घेणार, गुळगुळीत रंगीत कागद, सगळं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "यांच्याशिवाय दुसरा घेणारा कोण?" महागडं बेणं विकून माल निघायच्या वेळी गायब झालेल्या कंपन्यांचे किस्सेही ऐकवलेत. तुम्हाला मला काही विकायचं नव्हतं, म्हणून ते पटलं. शेतकऱ्याला नफ्याचं गणित मांडून देणारे पुष्कळ भेटतात. थांबा म्हणणारं माणूस सरकारी पगारावरच असावं लागतं बहुधा.

मग माती पाहून अश्वगंधा सुचवलीत. हलकी, निचऱ्याची जमीन, म्हणून. भारी काळ्या रानात मुळांना फाटे फुटतात आणि पाणी साचलं की ती कुजतात. वाण सांगितलात मंदसौरचा जवाहर असगंध-20. पाणी आणि युरिया हात राखून द्या, नाहीतर पाला माजेल, हेही बजावलंत.

पण खरी शिकवणी झाली काढणीला. पानं वाळू लागली होती, फळं लाल झाली होती. तुम्ही एक झाड उपटलंत, खोडाकडचा भाग छाटलात, बारीक तंतुमुळं काढलीत आणि जाड मूळ मोडून दाखवलंत. कट्‌कन तुटलं, आत पांढरं, पिठूळ. मोडताना दोरे निघाले तर समजा उशीर झाला, म्हणालात. जाडीप्रमाणे प्रतवारी करायला लावलीत तेव्हा मजूर कुरकुरले होते. व्यापारी मिसळलेल्या ढिगाला हलक्या मालाचाच भाव लावतो, हे विक्रीच्या वेळी त्यांनाही कळलं. विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतला औषधी घटक, किती आहे याचा प्रयोगशाळेचा अहवाल हातात असल्यावर तर बोलणी करायला जोर येतो.

औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणारी लखनौची सीमॅप ही केंद्रीय संस्था, गुजरातेत आणंदजवळ बोरिआवीचं त्याच विषयाचं संचालनालय, 2000 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ ही नावं मी कागदोपत्री वाचली होती. त्यांचं काम बांधापर्यंत पोचलं ते तुमच्यामुळे.

आता एक तक्रारवजा विनंती. खात्रीचं बियाणं फार थोडं मिळतं आणि पेरणी तोंडावर आल्यावर मिळतं. मग माणूस नाइलाजानं बाजारातलं भेसळीचं बी उचलतो आणि वाणाची सगळी मेहनत तिथेच वाया जाते. शेतकरी गटांना बीजोत्पादन दिलंत तर आमचा गट तयार आहे. येत्या खरिपात कालमेघ हे दुसरं औषधी पीक करतोय. त्याच्या बियाण्यासाठी आमचं नाव आत्ताच लिहून ठेवावं.

आपला,
एक अश्वगंधा उत्पादक