घराची कागदपत्रे कपाटातच राहू द्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सगळी कर्जे एकत्र कर, हवे तर घर तारण ठेवू." तेव्हा मी गप्प राहिले, कारण उत्तर देण्याआधी मला हिशेब मांडून पाहायचा होता.

माझी देणी तीन आहेत: क्रेडिट कार्डाची थकबाकी, एक वैयक्तिक कर्ज आणि लॅपटॉपचे हप्ते. तीन तारखा सांभाळताना मागच्या महिन्यात एक चुकली आणि दंड बसला, म्हणून एकच कर्ज, एकच तारीख ही कल्पना मलाही भुरळ घालत होती. हप्ता निम्म्याहून खाली येईल असे ऐकल्यावर तर मी जवळजवळ सहीच करणार होते.

मग वही काढली. 1 लाखाचे कर्ज 18 टक्के दराने 2 वर्षांत फेडले, तर हप्ता 4,992 बसतो आणि एकूण व्याज सुमारे 19,800 जाते. तेच 12 टक्क्यांनी 5 वर्षांत फेडले, तर हप्ता 2,224 वर उतरतो खरा, पण व्याज सुमारे 33,500 होते. मुदत 2 वर्षेच ठेवली, तर मात्र 12 टक्क्यांनी व्याज जेमतेम 13,000 पडते. म्हणजे दर उतरूनही मुदत लांबवली की मिळालेले सगळे हातचे जाते. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि जुने कर्ज मुदतीआधी बंद करण्याचा आकार वेगळा. एका ठिकाणी 10 टक्के दर सांगितला, तो 'फ्लॅट' निघाला. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच. 5 वर्षांसाठी तो घटत्या शिलकीवरच्या 17 टक्क्यांहून महाग पडतो!

लॅपटॉपचे चारच हप्ते उरले आहेत आणि त्यांत बहुतेक मुद्दलच आहे, त्यामुळे ते नव्या कर्जात ओढण्यात अर्थ नाही. वैयक्तिक कर्जाचा दरही नव्या कर्जाइतकाच आहे. कार्डाचे व्याज मात्र सगळ्यांत जड, म्हणून तेवढेच 2 वर्षांच्या मुदतीने नव्या कर्जात वळवावे असे मी ठरवले आहे. आई, तुला वाटेल की कार्ड रिकामे झाले म्हणजे सुटले. खरा धोका तिथेच आहे, कारण मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि हात पुन्हा तिकडे जातो. तो माझा गेलेला आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. म्हणून थकबाकी फिटताच ते कार्ड बंद करण्याचा अर्ज देणार आहे.

घर तारण ठेवले तर दर आणखी उतरेल, हे खरे. पण आज माझा हप्ता थकला तर वसुलीचे फोन मला येतील. घर गुंतवले तर ते संकट तुमच्या दारात येईल. ते मला नको.

बाबा, वहीचे पान सोबत जोडले आहे. नेहमीप्रमाणे पेन्सिलने तपासा आणि कुठे चुकले असेल तर कळवा. तोवर सही करणार नाही.

तुमची लेक