पऱ्हाट्यांचा मनोरा

साक्री

प्रिय प्रकाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बदली होऊन यावल तालुक्यात गेलास, बरं झालं. शाळेला मिळालेल्या पैशांतून प्लॅस्टिकचे जोडणी संच घ्यावेत का, असं विचारलंस. भाऊ, घेऊ नकोस. संचातले तुकडे एकमेकांत बसतील असेच घडवलेले असतात. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाची वाळलेली काठी, मात्र वाकडी, बुडाशी जाड, शेंड्याला बारीक. ती कुठे आणि कशी लावायची हे पोराला स्वतः ठरवावं लागतं. मला तो ठरवण्याचा क्षणच मोलाचा वाटतो.

कापूस वेचून झाला की शेतकरी पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकतात. मागितल्या की आनंदाने देतात. गंजीतून काढताना मोठ्या माणसाने काठीने हलवून घ्यायच्या, खाली विंचू-साप असतात. फांद्या विळ्याने आपणच छाटायच्या. बांधायला आम्ही सुतळी वापरतो. तुझ्याकडे तर केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, आहे. ते पाण्यात भिजवलं की मऊ होतं आणि गाठ छान बसते.

सुरुवात चौकोनापासून कर. चार काड्या, चार गाठी. मुलांना कोपरा दाबायला सांग. चौकोन लगेच तिरपा होतो. मुलं गाठी आणखी आवळतात, तरी तो कलतोच. तू काही बोलू नकोस. कुणीतरी आडवी-तिडवी काडी घालतंच, आणि ती कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. तिन्ही बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही. माझ्या वर्गातली एक चिमुरडी ओरडली, "सर, आते हालत नई!" पाठ्यपुस्तकातला त्रिकोण तिला आधीच पाठ होता. तो काय काम करतो, ते तिला त्या सकाळी कळलं.

मग मनोरे. उंची कितीही चालेल, पण माथ्यावर पाण्याने भरलेला तांब्या राहिला पाहिजे. इथे पाय फाकवून उभे केलेले मनोरे टिकतात. तीन पायांचा मनोरा खडबडीत अंगणात डुगडुगत नाही, चार पायांचा डुगडुगतो, हे पोरं स्वतः शोधतात. पडला तर "कुठून सुटला?" एवढंच विचार.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो बंधाऱ्याचा खेळ. पांझरा नदीवर आमच्याकडे फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीचे, जुने दगडी बंधारे आहेत. वरच्या बंधाऱ्यावरून सुटलेलं पाणी खालचा अडवतो, पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी ते पाळीने शेतांत सोडतो. मुलांना ते दाखवून आणलं आणि शाळेच्या मैदानात उतारावर चर खणून तसेच मातीचे बांध घालायला लावले. वरून बादलीने पाणी. बहुतेक बांध फुटले ते पाणी माथ्यावरून वाहायला लागल्यावर, कारण वाहतं पाणी पलीकडची माती खरवडून नेतं. दुसऱ्या वेळी एका गटाने बाजूला खोलगट वाट ठेवून तिच्यात खडे बसवले. सांडवा! मी तो शब्द तेव्हा सांगितला, आधी नाही. बांधाचं बूड रुंद का लागतं, तेही त्यांनी हात पाण्यात घालून ताडलं: जितकं खोल, तितका दाब जास्त.

काळ्या मातीचा बांध वाळला की भेगाळतो. तिच्यात भुसा मळून बघा, भेगा कमी होतात. घराच्या भिंतीचा चिखल करताना आजी हेच करते, असं निम्मी मुलं सांगतील. अशा आजीला शाळेत बोलव.

हे सगळं सकाळच्या शाळेतच आणि फाल्गुनाच्या आत उरक. पुढे आपलं ऊन पोरांना बाहेर उभं राहू देत नाही. काडी मुलाच्या खांद्यापेक्षा लांब नको, टोकं डोळ्यांत जातात. गट चार-पाच जणांचे कर आणि मुलींच्या हातात फक्त सुतळी धरायचं काम येत नाही ना, याकडे लक्ष ठेव. हे फार सहज घडतं.

पांझरेवरचे बंधारे बघायला मुलांना घेऊन येणार असशील तर आधी कळव, पाटाला पाणी असेल असा दिवस पाटकऱ्याला विचारून ठरवतो. दुपारचं जेवण आमच्याकडे, कळण्याची भाकरी आणि ठेचा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप