कोण गेलं यापेक्षा कुठून गेलं

पर्सिपनी, न्यू जर्सी
१८ जानेवारी २०२६

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. ‘तुमच्याकडे चाळीसच्या वर खासदार पुन्हा उभे राहणार नाहीत म्हणे, त्यात ट्रम्पच्या पक्षाचे जास्त. म्हणजे नोव्हेंबरात गडी पडलाच की!’ फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट झालं असतं. आज रविवार आहे, बाहेर कडाक्याची थंडी आहे, म्हणून कागद घेऊनच बसलो.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवतो. आपल्याकडे मध्यावधी म्हटलं की सरकार पडलं, सभागृह बरखास्त झालं, मुदतीआधी निवडणूक लागली असं डोळ्यांपुढे येतं. इथं तसं काही नाही. इथली मध्यावधी ठरल्या तारखेला येते, अध्यक्षाच्या चार वर्षांच्या अगदी मध्यावर. प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे इथल्या लोकसभेच्या, सगळ्या ४३५ जागा दर दोन वर्षांनी नव्याने लढवल्या जातात आणि सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, साधारण एक-तृतीयांश. यंदा मतदान ३ नोव्हेंबरला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्षाच्या पक्षाने मध्यावधीत प्रतिनिधीगृहातल्या जागा गमावल्या नाहीत असं दोनदाच घडलं, १९९८ आणि २००२ मध्ये. म्हणजे कोणी निवृत्त होवो न होवो, वारा मुळातच अध्यक्षाच्या विरुद्ध वाहत असतो. त्यात २०२४ ला ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या २२० जागा आल्या आणि विरोधातल्या डेमोक्रॅटांच्या २१५. तीन जागा इकडच्या तिकडे झाल्या की बहुमत गेलं. म्हणून यंदा एकेका माणसाच्या जाण्याकडे सगळे डोळे लावून बसलेत.

आता मुद्द्याचं. मला हे आकड्यांतून कळलेलं नाही, स्वतःच्या मतातून कळलंय.

२०१३ साली आई इथं आमच्याकडे होती, तुला आठवत असेल. तिच्या मुक्कामाच्या मुदतवाढीचे कागद कुठेतरी अडकले होते. दर आठवड्याला फोन करायचो, तासभर ताटकळायचो, पलीकडून तेच उत्तर. शेवटी ऑफिसातल्या एकाने सांगितलं, तुझ्या खासदाराच्या कार्यालयात जा. मी मॉरिसटाऊनला गेलो. आमचे खासदार तेव्हा रॉडनी फ्रेलिंगहायसन, रिपब्लिकन, १९९५ पासून गृहात. ते काही भेटले नाहीत. एक साठीच्या बाई भेटल्या. त्यांनी पिवळ्या वहीवर आईचं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं, आमच्या वतीने चौकशी करायला परवानगी दिल्याच्या फॉर्मवर सही घेतली आणि म्हणाल्या, तीन आठवड्यांत काहीतरी कळवते. तीन आठवडे व्हायच्या आत पत्र आलं. माझा मतदानाचा हक्क तेव्हा अगदी नवा होता. पक्ष म्हणून मला ते पटत नव्हते, तरी २०१४ ला आणि २०१६ ला मी त्यांनाच मत दिलं.

अशी किती मतं असतील याचा विचार कर. माणूस वीस-बावीस वर्षं एका मतदारसंघात राहिला की कुणाचा व्हिसा, कुणाचं निवृत्तिवेतन, कुणा माजी सैनिकाचं औषधपाणी, अशी हजारो कामं त्याच्या नावावर जमा होतात. ती मतं पक्षाची नसतात, त्याची असतात. २०१६ ला आमच्या मतदारसंघात ट्रम्प जेमतेम एक टक्क्याच्या आत-बाहेर पुढे राहिले आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी फ्रेलिंगहायसन यांना ५८ टक्के मतं दिली. मधला जो फरक, तो त्या पिवळ्या वहीचा.

२०१७ उजाडलं आणि हवा पालटली. दर शुक्रवारी लोक त्यांच्या कार्यालयासमोर जमायला लागले, समोरासमोर सभा घ्या म्हणून. मे महिन्यात डेमोक्रॅटांकडून मिकी शेरिल यांनी उमेदवारी जाहीर केली. नौदलात हेलिकॉप्टर चालवलेली, सरकारी वकील म्हणून काम केलेली बाई. इकडे घरपट्टी आणि राज्याच्या कराची वजावट दहा हजार डॉलरवर आणून ठेवणारा कायदा डिसेंबरात झाला. आमच्यासारख्या जबर घरपट्टीच्या राज्यात तो लोकांच्या खिशालाच लागला. फ्रेलिंगहायसन यांनी त्याच्या विरोधात मत दिलं होतं, पण पक्ष त्यांचाच. २९ जानेवारी २०१८ ला त्यांनी जाहीर केलं की आपण पुन्हा उभे राहणार नाही. खर्चाच्या सगळ्या विधेयकांवर हुकमत चालवणाऱ्या ॲप्रोप्रिएशन्स समितीचं अध्यक्षपद मिळून त्यांना एकच वर्ष झालं होतं. त्या खुर्चीवरून कोणी आपणहून उठत नाही. त्या दिवशी मला जाणवलं की माझं मत मोकळं झालं. उपकार ज्याचे होते तो गेला. नोव्हेंबरात शेरिल जवळपास ५७ टक्के मतं घेऊन आल्या आणि रिपब्लिकन उमेदवाराला मिळाली ४२. दोन वर्षांत ५८ चे ४२! जागा तीसेक वर्षं रिपब्लिकनांकडे होती.

आता तू म्हणशील, मग निवृत्तीमुळेच पडले की. तसं नाही रे. त्यांना हार दिसत होती म्हणून ते गेले, आणि ते गेले म्हणून हार मोठी झाली. दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की पहिली कुठली ते सांगता येत नाही. आपल्या कोयनेकाठी पाणी चढायला लागलं की माणसं आधी जनावरं सोडतात. जनावरं सोडली म्हणून पूर येत नाही, पण सोडताना दिसली की समजायचं.

२०१८ चा एकूण हिशेब तर आणखी बोलका आहे. त्या वर्षी रिपब्लिकनांनी निव्वळ ४० जागा गमावल्या. त्यांतल्या बऱ्याचशा पुन्हा लढलेल्यांनीच गमावल्या, असे तीस खासदार पडले. मात्र ज्या जागी त्यांचा खासदार रिंगणात नव्हता, तशा डझनभर जागाही गेल्या. कॅलिफोर्नियात डॅरेल इसा यांची, जे २०१६ ला सोळाशेच्या आसपास मतांनी कसेबसे वाचले होते. एड रॉइस यांची. मायामीत इलियाना रोस-लेटिनन यांची. सिअ‍ॅटलजवळ डेव्ह रायकर्ट यांची, तिथं तर किम श्रायर नावाच्या बालरोगतज्ज्ञ निवडून आल्या. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मिनेसोटाचं. एवढी डेमोक्रॅटांची लाट, तरी मिनेसोटातल्या त्यांच्याच दोन जागा रिपब्लिकनांनी हिसकावल्या. टिम वॉल्झ गव्हर्नरपदासाठी (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री समज) गेले, रिक नोलन निवृत्त झाले, आणि दोन्ही ग्रामीण जागा निसटल्या. वॉल्झ यांची तर हजार-तेराशे मतांनी. वारा पाठीवर असूनही! लोकांनी तिथं पक्षाला नाही, त्या दोन माणसांना धरून ठेवलं होतं.

म्हणून मी तुला सांगतो, चाळीस की पंचेचाळीस हे मोजत बसू नकोस. त्यांतले बहुतेक पक्के गडच आहेत. डेमोक्रॅटांच्या ज्येष्ठ नेत्या नॅन्सी पेलोसी यांनी नोव्हेंबरात थांबत असल्याचं जाहीर केलं, त्यांच्याच पक्षाच्या स्टेनी हॉयर यांनी याच महिन्यात. दोघांचं वय ८५ च्या पुढे, आणि दोघांच्याही जागी डेमोक्रॅटच येणार हे तिथलं पोरसुद्धा सांगेल. मार्जरी टेलर ग्रीन ५ जानेवारीला राजीनामा देऊन गेल्या, पण त्यांची जॉर्जियातली जागाही रिपब्लिकनांचा बालेकिल्ला आहे. कितीतरी जण तर निवृत्त होतच नाहीत, गव्हर्नरपद किंवा सिनेट लढवायला चाललेत. बातमीत सगळ्यांची एकच गोळाबेरीज होते.

खरी नावं बोटांवर मोजण्याइतकी. नेब्रास्कात ओमाहाचे डॉन बेकन, रिपब्लिकन. तो मतदारसंघ २०२० ला बायडेन यांच्याकडे, २०२४ ला कमला हॅरिस यांच्याकडे गेला, तरी बेकन २०१६ पासून दर वेळी निवडून आले. अध्यक्ष निवडताना नेब्रास्का राज्याच्या वाट्याची मतं मतदारसंघवार वाटतं, म्हणून लाल म्हणजे रिपब्लिकन राज्यातला हा निळा, डेमोक्रॅटांचा ठिपका. २०२४ ला लोकांनी अंगणात नुसता निळा ठिपका काढलेल्या पाट्या लावल्या होत्या, अक्षर एक नाही. अशा गावात रिपब्लिकन म्हणून टिकणारा माणूस जातोय. ॲरिझोनात डेव्हिड श्वायकर्ट आणि मिशिगनात जॉन जेम्स गव्हर्नरपदाला उभे, दोघांच्याही जागा काठावरच्या. उलट बाजूने मेनचे जॅरेड गोल्डन. डेमोक्रॅट, पण ट्रम्प यांना भरघोस मत देणाऱ्या भागातून निवडून येणारे. तेही नोव्हेंबरात थांबले आणि ती जागा आता डेमोक्रॅटांना राखणं फार अवघड आहे. हे चार तराजूत टाक. बाकीचे चाळीस बाजूला ठेवलेस तरी चालेल.

मला वाईट वाटतं ते याचं की बेकन आणि गोल्डन ही मधली माणसं आहेत. आपल्या पक्षाशी भांडून दुसऱ्या बाजूशी बोलू शकणारी. त्यांच्या जागी जो येईल तो कुठल्याही पक्षाचा असो, इतका मधला नसणार.

आणि निवृत्ती नेहमी पक्षाला मारतेच असंही नाही. २०१० च्या जानेवारीतली गोष्ट मला फार आवडते. एका दिवसाच्या अंतराने दोन डेमोक्रॅट सिनेटर थांबले. नॉर्थ डकोटाचे बायरन डॉर्गन आणि कनेक्टिकटचे क्रिस डॉड. डॉर्गन गेले, तसे तिथले लोकप्रिय गव्हर्नर जॉन होवेन आठवड्याभरात मैदानात उतरले आणि तीन-चतुर्थांशांहून जास्त मतं घेऊन रिपब्लिकनांनी जागा जिंकली. डॉड मात्र तीस वर्षं सिनेटात राहून लोकांच्या मनातून उतरले होते, चाचण्यांत मागे पडले होते. ते बाजूला झाले, राज्याचे महाधिवक्ते रिचर्ड ब्लुमेन्थल आले आणि जागा वाचली. एकाच पक्षाचे, एकाच आठवड्यातले दोन निर्णय, एकाने जागा गेली, एकाने राहिली. २०२२ लाही डेमोक्रॅटांचे तीसेक खासदार बाहेर पडले होते, सगळे म्हणत होते धुव्वा उडणार, आणि प्रत्यक्षात निव्वळ नऊ जागा गेल्या. बहुमत गेलं हे खरं, पण धुव्वा नाही उडाला.

आपल्याकडे या प्रश्नाचं रूपच वेगळं. नेता थांबला तरी तिकीट वरून येतं, बहुधा घरातच राहतं. आपण कराडात गेरूने भिंती रंगवायचो तेव्हा उमेदवार कोण हे आपल्याला कोणी विचारलं होतं का? इथं पक्षाला तसं तिकीट देता येत नाही. पक्षाचा उमेदवार मतदारच आधी मतदान करून निवडतात, ती प्राथमिक फेरी. जागा रिकामी झाली की या फेरीत झुंबड उडते आणि थोडक्या मतांवर माणूस पुढे जातो. आपले श्री ठाणेदार असेच आले. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस डेट्रॉइटचा खासदार कसा झाला? २०२२ ला मतदारसंघांचे नकाशे बदलले, ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या, रशिदा तलेब शेजारच्या मतदारसंघात गेल्या आणि जागा उघडी पडली. कृष्णवर्णीय उमेदवारांत मतं विभागली, ठाणेदार यांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले आणि तीस टक्क्यांहून कमी मतांवर प्राथमिक फेरी जिंकली. पुढची निवडणूक त्या भागात डेमोक्रॅटाला सोपीच असते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण डेट्रॉइटला जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदा कृष्णवर्णीय खासदार उरला नाही, हेही त्याच रिकाम्या जागेने केलं, आणि तिथल्या लोकांना ते लागलं असेल.

आता आमच्या दारातलं. शेरिल नोव्हेंबरात गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, परवा मंगळवारी शपथ घेतील. आमची जागा आठ वर्षांनी पुन्हा रिकामी. ५ फेब्रुवारीला प्राथमिक फेरी, १६ एप्रिलला पोटनिवडणूक, आणि जो येईल त्याला नोव्हेंबरात पुन्हा लढायचंय. डेमोक्रॅटांकडून इतके उमेदवार आहेत की टपालपेटी रोज पत्रकांनी भरते. मी कुठल्याच पक्षात नाव नोंदवलेलं नाही, पण इथं ऐन वेळी एक पक्ष निवडून प्राथमिक फेरीत मत देता येतं. ते देणार आहे.

काल दुपारी एका उमेदवाराची कार्यकर्ती आली. विशीतली पोर, हातमोजे काढून हात चोळत उभी होती. तिने ट्रम्प, महागाई, आरोग्यविमा सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, निवडून आल्यावर तुमच्या कार्यालयात व्हिसाची, पेन्शनची कामं कोण बघणार? तिला उत्तर येत नव्हतं. पण तिने फोन काढला, माझा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला आणि माझ्या आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं.

तिच्या उमेदवाराचं पत्रक फ्रिजवर लावून ठेवलंय. तिचा फोन आला की कळवतो. वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद. गुडघ्याचं ऑपरेशन कधीचं ठरलं ते लिही.

तुझा,
अनंता